शिवाला दूध आवडत नाही

दिवा (पूर्व),
गुरुवार, टँकर येऊन गेल्यानंतरची दुपार

आदरणीय मालनताई हिस,

धाकटा भाऊ शिवराम याचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (पाणी सोडून, ते आमच्या दिव्यात कधीच खुशाल नसतं). भुसावळच्या उन्हातून तुमची जेवढी खुशाली उरली असेल तेवढी कळव. कुंडलिकभावजींचे गुडघे काय म्हणतात? त्यांना म्हणावं, जिना चढताना हात गुडघ्यावर ठेवू नका, कठड्यावर ठेवा. कठडा त्याचसाठी असतो. तुझ्या खांद्याचं काय झालं? मागे फोनवर विचारलं तर तू खांदा सोडून शेजारच्या सुनेचं बाळंतपण सांगायला लागलीस, आणि मध्येच त्या शेजारीणबाईच माझ्याशी बोलायला लागल्या. म्हणून हे पत्र. तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस, पीठ मळतेस, आणि माझं म्हणणं तुझ्याआधी तुमच्या मजल्याला कळतं. आजचा मजकूर मजल्यासाठी नाही. चष्मा लाव, दार लोट आणि स्वतः वाच. भावजींनाही देऊ नकोस. माणूस लाखातला, पण पोटात काही राहत नाही (हे प्रेमानं म्हणतोय).

तर विषय असा की माझ्यावर आरोप आहे. ठाण्याच्या कोर्टात मी सबंध नोकरी दारात उभं राहून लोकांच्या नावाचा पुकारा करण्यात घालवली. चोर, घरमालक, भाडेकरू, नवरा-बायको, सगळ्यांना मी एकाच आवाजात आत बोलावलं, आणि कोणावर कसला आरोप आहे याच्याशी मला काही कर्तव्य नसे. पुकारा झाला की माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मात्र रोज पाहिलं. तसाच माझा चेहरा गेल्या महिन्यात उतरला. पुकारा अंगणवाडीत झाला आणि फिर्यादी पक्षात आमची नात मृणाल होती, वय वर्षं चार.

मृणाल अंगणवाडीत जाते हे तुला माहीत आहे. प्रेमच्या मनात तिला घोडबंदर रोडला त्याच्या ऑफिसजवळच्या एका शाळेत घालायचं होतं, जिच्या भिंतीवर हत्ती आणि जिराफ काढलेत आणि मुलांना आत शिरताना टाळ्या देतात. पण प्रेम आणि नयन दोघं सकाळी निघतात ते त्या रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये असे अडकतात की पोरीला त्यांच्यासोबत पाठवलं असतं तर तिची शाळा सुटायच्या वेळेला ती पोहोचली असती. मी म्हटलं, आमच्या इमारतीच्या मागेच अंगणवाडी आहे, कल्पिताबाई चांगल्या आहेत, गाणी छान म्हणतात, आणि सरकारकडून लहान मुलांना फुकट दूध मिळतं. प्रेम म्हणाला, पप्पा, दूध घरी पण मिळतं. मी म्हटलं, घरी मिळतं ते वेगळं. रांगेत बसून, दोन्ही हातांत धरून, शेजारच्याचं आधी संपेल का आपलं या काळजीनं प्यायलेलं दूध अंगाला लागतं. (यावर रंभा स्वयंपाकघरातून म्हणाली, यांना काय माहीत, यांनी कधी प्यायलंय? आणि ते बरोबरच आहे.)

पण मृणालच्या अंगाला काही लागेना. कल्पिताबाई दर महिन्याला मुलांचं वजन करतात, तराजूला टांगून. पूर्वी रेशनच्या दुकानात साखर तोलायचे तसंच, फक्त साखर रडत नसे. त्यांच्या तक्त्यात मृणालचा ठिपका आधी हिरव्या पट्ट्यात होता, मग हिरव्याच्या काठावर आला आणि मग पिवळ्यात घसरला. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आजार काही नाही, पण पोरगी खात नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ द्या. नयन त्या रात्री जेवली नाही. प्रेम मोबाईलमध्ये त्या हत्ती-जिराफवाल्या शाळेचे फोटो बघत बसला. मी कल्पिताबाईंना विचारायला गेलो, की बाई, रोज दूध मिळतं ना हिला? त्यांनी पदर खोचला. म्हणाल्या, "काका, दूध मिळतंय, पण ती हात लावत नाय. म्हणते, माझे आजोबा पण नाय पीत. आणि आता तिचं बघून बाकीच्यांनी पण तोंड मिटलंय. पाकिटं उरायला लागली. वरच्या मॅडम विचारतात, का उरली? मी काय सांगू, शिवराम आजोबांमुळं?"

म्हणजे संप! अगं, साध्या सरळ निवृत्त माणसाच्या नावानं साऱ्या अंगणवाडीनं दुधावर बहिष्कार घातलेला! आणि कल्पिताबाईंची भीती खोटी नाही. मुलं पीत नाहीत असं एकदा वर पोहोचलं तर दूध यायचं कमी होईल, कमी होत होत बंदही होईल, आणि ज्या पोरांच्या घरी चहापुरतंही दूध येत नाही (दिव्यात अशी घरं आहेत, आमच्याच मागच्या चाळीत आहेत) त्यांच्या तोंडचा घास जाईल. आमची पोरगी पिवळ्यात, बाकीची तिच्या मागोमाग, आणि कारण मी.

आता यात तुझा हात किती आहे ते तुला सांगतो, रागावू नकोस. सहा डिसेंबरला तू चैत्यभूमीला आलीस आणि नंतर चार दिवस आमच्याकडे राहिलीस, तेव्हा मृणालला रोज झोपताना गोष्ट सांगायचीस. राजाची नाही, परीची नाही, माझी. कल्याणच्या बालवाडीत तुझा आजोबा कसा ओठ गच्च मिटून बसायचा, बाईंनी पेला पुढे केला की मान कशी वळवायचा, कसा भोकाड पसरायचा. पोरीनं ती गोष्ट तुझ्याकडून रोज म्हणवून घेतली. तू गेल्यावर ती भातुकलीत बाहुलीचं तोंड दाबून धरायची आणि म्हणायची, शिवाला दूध आवडत नाही, शिवाला देऊ नका.

हे वाक्य, ताई, माझ्या जन्माला पुरलं आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा रंभाच्या घरी सगळ्यांसमोर चहाचे कप आले आणि माझ्यासमोर कोरा, कारण तू आदल्या दिवशी निरोप धाडला होतास. लग्नात सगळी वऱ्हाडी मंडळी बासुंदीवर तुटून पडली आणि सासूबाईंनी माझ्या ताटात मोठ्या मायेनं लिंबाचं लोणचं जास्त वाढलं. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दूध-बिस्किटं सांगितली, तर तू भुसावळहून येऊन नर्सशी असं भांडलीस की पुढे तीन दिवस मला नुसती बिस्किटं मिळाली. आणि बुद्धपौर्णिमा! दरवर्षी आम्ही तुमच्याकडे येतो, तू साऱ्या वस्तीसाठी मोठ्या टोपात खीर करतेस, वेलची घालतेस, वास कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जातो. सगळे द्रोण घेऊन बसतात. सुजाताची खीर म्हणून लोक डोळे मिटून पहिला घास घेतात. आणि तू माझ्यासमोर चिवडा ठेवतेस. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतेस, शिवाला देऊ नका हं, त्याला ओकारी येते. भगवान बुद्धांनाही चालली ती खीर, फक्त मला चालत नाही, असं साऱ्या वस्तीला वाटतं.

मग जेवणं आटोपली की तुझा दुसरा नियम. खिरीचा टोप मी घासायचा. का, तर बाकी कोणाला दिला तर ते खरवड खात बसतात आणि भांडी तशीच पडतात. शिवाला तो मोह नाही, म्हणून शिवा. मागच्या दारी, पेरूच्या झाडाखाली, तू सगळं नीट मांडून ठेवतेस: टोप, राख, काथ्या, बादलीभर पाणी आणि तो वाकड्या दांड्याचा चमचा. मग दार ओढून घेतेस, पोरं येऊ नयेत म्हणून. मी निमूट घासतो. कोर्टातला माणूस आहे, हुकूम मोडत नाही.

ते जाऊ दे. मी दिव्याबद्दल सांगत होतो आणि कल्याणला पोहोचलो. अलीकडे असंच होतं. अंगणवाडीत मुलांच्या मागे चटईवर बसलं की मला आपली बालवाडी दिसायला लागते. तुला आठवते ना? समाजमंदिराची ती खोली, बाबासाहेबांच्या तसबिरीला वाहिलेली शेवंतीची माळ, आणि खालच्या अंगाला फरफरणारा स्टोव्ह. दुधाच्या भुकटीची गोणी कोपऱ्यात उभी असे, तिच्यावर न वाचता येणारी अक्षरं. बाई आधी थोड्याशा कोमट पाण्यात भुकटी कालवायच्या, बोटांनी गुठळ्या मोडायच्या, मग टोपात ओतायच्या आणि साखर घालून ढवळायच्या. सगळ्या गुठळ्या कधी मोडत नसत. एखादी पेल्यात यायची. जिभेवर आधी ती पिठासारखी लागे, टाळूला चिकटे, मग हळूच विरघळे आणि एकदम गोड होई (असं बाकीची मुलं सांगत). ॲल्युमिनियमच्या पेल्यांना कान नसत, म्हणून दोन्ही हातांनी धरायचं, चटका बसला की फ्रॉकात किंवा सदऱ्यात धरायचं. दूध पोटात गेलं की ऊब आधी गळ्यात, मग छातीत आणि मग थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते (असंही ऐकलंय). दादा तेव्हा लोको शेडमध्ये रात्रपाळीला असत आणि आई बंगलेवाल्यांकडे कामाला, म्हणून मला कडेवर घेऊन तूच यायचीस. तू सात वर्षांची, मी चारचा, तुझी कंबर वाकडी व्हायची. दूध फक्त बालवाडीतल्या मुलांना. तू शाळेतली, म्हणून तू उंबऱ्याबाहेर उभी राहायचीस. मी तोंड मिटायचो. बाई दोन-तीनदा मनवायच्या आणि मग थकून म्हणायच्या, जाऊ दे, ओतून का टाकायचं, तू पी गं पोरी. तू आत यायचीस, उभ्यानंच प्यायचीस आणि पेला विसळून पालथा घालायचीस.

तू तो पेला फार नीट पालथा घालायचीस. बाकीच्या पेल्यांच्या ओळीत, कडेला कड लावून.

असो. खटल्याकडे येतो. आरोप मान्य करून मी सुधारणेचे प्रयत्न सुरू केले. पहिला प्रयत्न कायदेशीर मार्गानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडीच्या दारात उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि जुन्या आवाजात पुकारा केला, "मृणाल प्रेम गांगुर्डे, दूध पिण्यासाठी हाजिर होऽऽ!" मला वाटलं, मुलांना गंमत वाटेल, एकेक जण पुढे येऊन पिईल. झालं असं की दोन मुलं रडायला लागली, एकानं चटई ओली केली, आणि मागच्या चाळीतले एक गृहस्थ, ज्यांची जागेची केस ठाण्यात कैक वर्षं पडून आहे, ते अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच ठेवून "हजर साहेब, हजर!" करत धावत आत आले. त्यांना पाणी दिलं, समजूत घातली. पुढची तारीख अजून लागलेली नाही असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा आणखी पडला. मृणाल जागेवरून हलली नाही.

मग रंभानं मार्ग सांगितला. ती म्हणाली, "इतका आटापिटा कशाला? पोरांसमोर एक ग्लास दूध पिऊन दाखवा की." मी म्हटलं, "मी? दूध?" ती माझ्याकडे बघत राहिली. ती अशी बघते तेव्हा मला कोर्टातल्या एका वकीलबाईंची आठवण होते, ज्या प्रश्नच विचारत नसत, नुसत्या थांबत. (आमच्या घरात दुधावरची साय टिकत नाही. रंभा लग्न झाल्यापासून मांजराला शिव्या देते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खिडकीला जाळी आहे, पण मांजरं फार हुशार असतात.) मी तिला सांगितलं की माझी प्रकृती तुला ठाऊक नाही, ताईला विचार. आणि मी मधला मार्ग काढला. कल्पिताबाईंकडे असा नियम आहे की मुलांना द्यायच्या आधी मोठ्या माणसानं चव बघायची. बाकीची आईबापं कामाला जातात, तेव्हा चव बघायचं काम मी मागून घेतलं. घरून स्टीलचा उंच ग्लास नेला, त्यात कोरा चहा थंड करून भरला. मुलांसमोर पाकीट फोडलं, ग्लासात ओतल्याचा देखावा केला आणि "अहाहा" करत सगळा चहा प्यालो. स्टीलच्या आत काय आहे ते कोणाला दिसतं? मुलं टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात ऋतिका नावाची एक चिमुरडी, मूळच्या गाववाल्यांची, उठून माझ्या अगदी तोंडाजवळ आली आणि ओरडली, "आजोबांच्या मिशीला कायच नाय लागला!"

साक्षीदार म्हणतात तो असा. मिशीला मी कलप लावतो हे जगजाहीर आहे. काळ्याभोर मिशीवर दूध कसं उठून दिसलं असतं. पोरांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. साऱ्या अंगणवाडीला नवा कायदा कळला, की खरं दूध प्यायलं तर मिशी येते. कल्पिताबाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. मी ग्लास पिशवीत टाकून घरी आलो.

म्हणून मग तिसऱ्या दिवशी, केवळ कर्तव्य म्हणून, केवळ पोरीच्या वजनासाठी, छातीवर दगड ठेवून मी खरं दूध प्यालो. कल्पिताबाईंनी पाकिटं कोमट पाण्यात ठेवली होती. ग्लास भरला. मी डोळे मिटले, बाबासाहेबांचं स्मरण केलं आणि ग्लास तोंडाला लावला. घशाखाली कसं उतरलं ते माझं मला माहीत. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत. ग्लास रिकामा झाला तरी मी तोंडापासून काढला नव्हता असं कल्पिताबाई म्हणतात, आणि मी दुसरा ग्लास मागितला असंही म्हणतात. तो मी मुलांची खात्री पटावी म्हणून मागितला असणार. मिशी अशी पांढरी झाली की ऋतिकानं ती बोट लावून तपासली, बोट चाखलं आणि निकाल दिला, "खरा हाय." मग काय, सगळ्यांना मिशा हव्या होत्या! पाकिटाची नळी फेकून देऊन पोरांनी पेल्यांत ओतून घेतलं आणि तोंडं बुडवली. पहिल्यांदाच एकही पाकीट उरलं नाही. तेव्हापासून रोज तसंच आहे. रोज सकाळी मी दोन ग्लास सोसतो.

सगळे प्याले, ताई. फक्त मृणाल नाही.

ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता मागेल. ती माझ्या मागे गेली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला उलटी झाली की रंभा फिरवते तसा, वरून खाली, वरून खाली. आणि माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला नाय आवडत ना? बाई सांगतात म्हणून पिता ना? मालनआजीनं सांगितलंय मला. मी नाय पिणार. मी तुमच्या साईडला आहे."

एवढा मोठा पाठिंबा मला आजवर कोणी दिला नसेल. मी तिला सांगून पाहिलं, की बाळा, मला आता आवडतं. ती म्हणाली, खोटं. रंभानं सांगितलं, तरी खोटं. प्रेम आणि नयननं सांगितलं, त्यांनाही खोटं, कारण ते तेव्हा नव्हते. तिचा मुद्दा कायद्यानं पक्का आहे: घटना घडली तेव्हा हजर कोण होतं? फक्त मालनआजी. कालच्या वजनाला ठिपका आणखी खाली गेला. नयन माझ्याकडे न बघता चपला घालते. तिला माझा राग आलाय असं नाही, पण बघत नाही.

तर असं सगळं आहे. बाकी विशेष काही नाही. पौर्णिमेला नेहमीप्रमाणे येतोच आहोत. भावजींना गुडघ्याला तेल चोळायला सांग, खांद्याचं खरं खरं कळव, आणि शेजारच्या सुनेला काय झालं तेही, आता अर्धं ऐकलंच आहे तर.

तुझा धाकटा भाऊ,
शिवराम

ता. क.: खरं काम लिहायचं राहिलं. मृणालला एक पोस्टकार्ड टाक. तुझी साक्ष ती मानेल, बाकी कोणाची नाही. मोठ्या अक्षरात लिही, की तुझे आजोबा लहानपणी दूध प्यायचे, त्यांना फार आवडायचं, मी डोळ्यांनी पाहिलंय, ती गोष्ट मी उगाच गमतीनं सांगितली. नयन वाचून दाखवेल. मला कळतं, तुला खोटं लिहायला जड जाईल. कोणाचं फुकट घेतलं नाही आणि कोणाला खोटं सांगितलं नाही, हे तू आम्हाला कायम ऐकवतेस. पण पोरीच्या अंगाला काही लागावं म्हणून एवढं एक खोटं लिही.

ता. क. दुसरं: पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. ते खोटं नाही, ताई. तू बिनधास्त लिही. बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी सगळा पेला प्यालो होतो, गुठळीसकट. मग दाराकडे पाहिलं, तर तू उंबऱ्यापाशी उभी होतीस आणि भिंतीकडे बघत होतीस. भिंतीवर काही नव्हतं. सगळी पोरं दूध पीत होती आणि तू मुद्दाम त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होतीस. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड मिटलं. भोकाड पसरणं जमायला दोन-चार दिवस लागले. लोक म्हणतील, चार वर्षांच्या पोराला काय कळतं. पाठीवरून मृणालचा हात फिरला ना, तेव्हापासून मी असं म्हणत नाही. तुला कमीपणा वाटेल म्हणून कधी बोललो नाही, आणि पुढे गोष्ट इतकी पसरली की मोडायची कशी ते कळेना. मला दूध आवडतं. खीर आवडते, बासुंदी आवडते, घरातलं मांजर मीच आहे. पण तू उभ्यानं तो पेला प्यायचीस तेव्हा तुझ्या गळ्याची शीर हलायची, ते बघायला मला त्याहून जास्त आवडायचं. तेवढं तुला माहीत असू दे.

ता. क. तिसरं: हे रंभानं माझ्या खांद्यावरून वाचलं (दार लोटायचं मीच विसरलो). मांजराबद्दल तिला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं म्हणे. मी म्हटलं, ताईला मात्र ऐकून धक्का बसेल. ती नुसती बघत थांबली. मग मी विचार करत बसलो. तेलाची पिशवी कापून उलटी टांगून ठेवणारी तू, आमटीचं भांडं भाकरीनं पुसून घेणारी तू. साऱ्या वस्तीला वाढून झाल्यावर तुझ्या टोपात दरवर्षी चांगली वाटीभर खीर कशी राहायची? आणि ताई, राख होती, काथ्या होता, पाणी होतं. टोप घासायला चमचा कशाला लागतो?

या पौर्णिमेला टोप मीच घासणार. मृणालला बरोबर आणतोय. मागच्या दारी चमचे दोन ठेव.